उणे बत्तीस हजार सातशे अडुसष्ट

३ फेब्रुवारी, सोमवार
हिचा नंबर उणे आला! दवाखान्यात मोतीबिंदूच्या ऑपरेशनसाठी नाव घातलं, तर खिडकीतून चिठ्ठी आली – उणे बत्तीस हजार सातशे अडुसष्ट. उणे म्हणजे शून्याच्याही खाली. म्हणजे ही यादीत आहे की नाही? आमच्या मागे शेजारचा शिंपी होता. त्यालाही उणेच. चिठ्ठी खिशात घालून खुशाल घरी गेला!

४ फेब्रुवारी
चिठ्ठी पुन्हापुन्हा काढून बघतो. ही म्हणते, “अहो, आकड्याचं काय घेऊन बसलात? बोलावतील तेव्हा जाऊ.” आज हिने चहात मीठ घातलं. तसाच प्यायलो.

६ फेब्रुवारी
खिडकीवरच्या बाई – “आजोबा, नंबर कॉम्प्युटर देतो, मी नाही.” मग कॉम्प्युटरवाल्याला गाठलं. म्हणे, त्या रकान्यात बत्तीस हजार सातशे सदुसष्टच्या वर आकडा मावत नाही, पुढे गेला की फिरून उण्यात पडतो. मी सातवी नापास, पण विचारलंच – रकाना मोठा का नाही केला?
“इतके लोक आंधळे होतील असं कुणाला वाटलं होतं?”

१० फेब्रुवारी
उणे काढा म्हणून तिसरा अर्ज. मजकूर जावयाचा, सही माझी. शिंप्याला म्हटलं, तूही दे. “मला काय कळतंय त्यातलं!” म्हणाला. आळशी लेकाचा.

१४ फेब्रुवारी
जिंकलो! अर्जदारांचं उणे काढलं. आता मावणारा सगळ्यात मोठा आकडा मिळतो – आम्हालाही आणि पुढे येणाऱ्या प्रत्येकालाही. चारशे जणांचा नंबर एकच!
“मग आधी कोण?”
“सगळेच शेवटी,” बाई म्हणाल्या.
असेना. उणे तर गेलं. चिठ्ठी अख्ख्या गल्लीला दाखवली.

१७ फेब्रुवारी, सोमवार
आजपासून बोलावणं सुरू. मशीन लहान आकड्यापासून बोलावतं. शून्याच्याही खालून! पहिला आत गेला शिंपी. त्याच्या आधीचा नंबर हिचा होता. होता.
हात जोडले – बाई, आमचं उणे परत द्या.
“त्याला वेगळा अर्ज लागेल, आजोबा.”

२७ फेब्रुवारी
शिंपी येऊन गेला. हिच्यासमोर बसून एका झटक्यात सुईत दोरा ओवला. ही म्हणाली, “ओवा की, भावजी. बघतेय मी.”