वरची बाजू वरच

प्रिय ठमे,

तुझं पत्र परवा मिळालं. मादीने पुन्हा अंडी घातली हे एका ओळीत, आणि महिनाअखेरीला ती अंडी, सरड्यांची जोडी, पेट्या, सगळं त्या पाळीव प्राण्यांच्या दुकानदाराला देऊन तुझ्या दादाच्या दुकानात गल्ल्यावर बसायला येतेस हे पानभर. देऊ नकोस. आधी हे वाच, मग भांड.

तुझ्या दाढीवाल्या सरड्यांचा विषय निघाला की घरात काय चालतं ते तुला ठाऊक आहे. दादा म्हणतो, आता बाईसाहेब पाली विकून पोट भरणार. आत्या विचारते, दाढी आहे तर मिशा कुठे गेल्या. हे सगळं पलीकडच्या खोलीत, हळू आवाजात. माझे कान तिखट आहेत हे इतक्या वर्षांत कुणाच्या लक्षातच राहत नाही. अगं, फ्रिज नुसता घरघरला तरी त्याचं कुठे दुखतंय ते मला कळतं. या बोळात मी दुरुस्तीचं दुकान टाकलं तेव्हाही हीच मंडळी हसली होती. हसू देत. कुणाच्या हसण्याने माझं शटर खाली आलं नाही, तुझं का यावं?

आता कामाचं. अंडी उबवायला तुझ्यासाठी एक जुना छोटा फ्रिज तुझ्या पत्राआधीच तयार करून ठेवलाय. थंड करणारं सगळं काढून टाकलं, खाली गरम होणारी पट्टी बसवली. आठवडाभर एकोणतीस अंशांवर ठिय्या देऊन बसलाय. तापमापक दाराला लटकवू नकोस, अंड्यांच्या शेजारी ठेव. वाळूतून अंडं उचलण्याआधी वरच्या बाजूला पेन्सिलीने हलकी खूण करायची, आणि ती शेवटपर्यंत वरच राहिली पाहिजे. मागच्या वर्षी केली नव्हतीस. कोंबडीचं अंडं फिरवावं लागतं. याचं फिरवलं तर आतला जीव गुदमरतो. मादी दमली असेल. तिला वेगळी ठेव, पोटभर किडे दे, त्यांवर कॅल्शियमची पूड भुरभुरव. नर माना हलवून कितीही रुबाब करो, तिला सावरल्याशिवाय त्याच्यासमोर नेऊ नकोस. पिल्लं निघाली की वेगवेगळ्या पेट्यांत घाल, नाहीतर एकमेकांची बोटं नि शेपट्या कुरतडतील. भावंडंच ती शेवटी. आणि पिल्लू नीट खायला लागल्याशिवाय गिऱ्हाइकाच्या हाती द्यायचं नाही, मग तो कितीही नाक मुरडो.

मागच्या वर्षी इथे, मागच्या खोलीतल्या कपाटात ठेवलेल्या अंड्यांतून एकही पिल्लू निघालं नाही. तेव्हापासून तुझ्या हाताला यश नाही असं दादा म्हणतो, आणि आता तूही तेच लिहितेस. त्या एका वाक्यापायी तू सगळं मोडायला निघालीस.

म्हणून हे पत्र. काल तुझी आई भाजी निवडता निवडता सहज बोलून गेली, की पोर कामावर जायची, तिला कुठे सवड, म्हणून मीच रोज सकाळी अंडी पुसून, फिरवून ठेवायचे, माहेरी कोंबड्यांची फिरवायचे तशी. तरी मेलं एक उबलं नाही. माझा चहा हातातच राहिला. कपाटाची बिजागरी रोज सकाळी कुरकुरायची. एवढे तिखट कान, आणि मनात काय यायचं, तर तेल घालायला हवं. ही अंडी फिरवल्याने काय होतं ते मी तिला सांगितलं. तिने भाजी बाजूला सारली. मग उठली, पलीकडच्या खोलीत गेली आणि गल्ल्यावर दुसरं माणूस बघ, माझी मुलगी येणार नाही, असं दादाला सुनावलं. त्या वेळी मात्र आवाज हळू नव्हता. तुझ्या हाताला काही झालेलं नाही, पोरी. दुकानदार आला तर त्याला दारातूनच परत पाठव. रविवारी आम्ही दोघं फ्रिज घेऊन येतोय. आई म्हणते, मी लांबूनच बघेन, हात पाठीमागे बांधून.

तुझाच,
तिखट कानाचा बाप