मायक्रोफोन वर्ज्य

फुल्डा, ३ मार्च १९५७

ती. विलीदादास इर्माचा सा. न. वि. वि.

इलेक्ट्रॉनिक संगीत म्हणजे नेमकं काय, असं तू विचारलंस. पदवी घेतली, स्टुडिओत नोकरी लागली, तरी पक्कं उत्तर माझ्यापाशी नाही. तुझी गिटार विजेवर वाजते, पण तिथे तार थरथरते. वीज आवाज फक्त मोठा करते. आमच्याकडे सूर सर्किटातच जन्मतो. तो टेपवर घ्यायचा, टेप ब्लेडने कापायची, तुकडे जोडायचे. बाहेरचा आवाज आत येऊ द्यायचा नाही, म्हणून मायक्रोफोन वर्ज्य. निदान कालपर्यंत मी असंच मानत होते.

काल आमच्या स्टुडिओचे प्रमुख डॉक्टर लेनहार्टनी मला टेपरेकॉर्डर देऊन चर्चच्या घंटेखाली पाठवलं. मग म्हणाले, टोल्याची सुरुवात काप, नुसता घुमारा उरला की घंटा कुणाला ओळखू येत नाही. शनिवारच्या जाहीर कार्यक्रमात हे 'शुद्ध इलेक्ट्रॉनिक' म्हणून वाजणार आणि पत्रिकेत ध्वनिनिर्मितीला माझं नाव! मी हरकत घेतली, तर हसून म्हणाले की, पावात काय घातलं ते गिऱ्हाइकाला सांगायचं नसतं, हे बेकरीवाल्याच्या मुलीला मी शिकवू का? मला शिसारी आली.

आईस नमस्कार. लोभ आहे तसाच राहू दे.

तुझी इर्मा

ट्राम डेपो, ६ मार्च

चि. इर्मास अ. आ.

डेपोतला हॉर्स्ट म्हणतो, घंटा असो की वायर, कान खूश झाले म्हणजे झालं. आई म्हणते, पदवीवाल्या बाईसाहेबांनी तोंड मिटून पगार घ्यावा, आमच्या पिठात मात्र कधी भेसळ नव्हती म्हणावं. मला सूर कळतो, शुद्धता कळत नाही. पण आपल्या घरातलं हे पहिलं छापलेलं नाव, एवढं लक्षात ठेव. जेवत जा.

विली

फुल्डा, १० मार्च

ती. दादास सा. न.

काल सकाळी मी टोल्यांच्या कापलेल्या सुरुवाती परत जोडल्या. संध्याकाळी डॉक्टरांनी मायक्रोफोनच्या विटाळावर भाषण ठोकलं आणि पाठोपाठ सभागृहात घंटा खणखणली. पुढच्या रांगेतल्या आजींनी सवयीनं छातीवर क्रुसाची खूण केली. वाटलं, आता पितळ उघडं पडणार. कसलं काय! टाळ्यांचा कडकडाट. डॉक्टर वाकून म्हणाले की, विजेनं हुबेहूब घंटा घडवणारे आम्ही पहिलेच. मग माझा हात धरून मलाही वाकवलं. घरी येऊन तो हात मी साबणानं धुतला.

आज सकाळी प्रार्थनेच्या वेळी कालच्या कार्यक्रमाला आलेल्या वर्तमानपत्राच्या बातमीदाराला मी त्या घंटेखाली उभं केलं. ऐकता ऐकता त्याची पेन्सिल थांबली. आईचा राग तू सांभाळ, आणि तुझा लोभ तेवढा माझ्याकडे पाठव. सगळं त्याला सांगितलं आहे, माझ्या नावानिशी छापा म्हटलं आहे, आणि स्टुडिओची किल्ली डॉक्टरांच्या दाराच्या फटीतून आत सरकवून आले आहे.

इर्मा