दोन खणांचा ब्लाउज

॥ श्री चामुंडेश्वरी प्रसन्न ॥

अग्रहार, म्हैसूर
१२ ऑगस्ट १९७६

ती. सौ. तुळसाक्कास,
धाकट्या गोदाचा सा. न. वि. वि.

इकडे सर्व क्षेम आहे. वरमहालक्ष्मीच्या हळदीकुंकवाचे खण यंदा अजून पुण्याला का पोचले नाहीत म्हणून तू पोस्टमनला बोल लावत असशील. त्याचा बिचाऱ्याचा दोष नाही. मी ते पाठवलेच नाहीत.

झालं असं, की गेल्या महिन्यात मी आमच्या गल्लीतल्या शिंप्याकडे ब्लाउजचं माप द्यायला गेले. ओटीत आलेला मोरपंखी खण होता, फार मनात भरला होता. शिंप्याने टेप फिरवला आणि दुकानातल्या तिघीचौघींसमोर माझा आकडा मोठ्याने म्हणाला. मग खण माझ्या हातात परत ठेवला आणि म्हणाला, अम्मा, तुम्हाला हा साकागल्ल, पुरायचा नाही, मीटरने कापड आणा. त्या बायका दुसरीकडे बघू लागल्या. त्यांनी माझ्याकडे बघितलं असतं तरी चाललं असतं.

तशी मला सवय आहे. ओटीतला खण तुझ्यासारख्या सडपातळ बायकांच्या अंगाचाच असतो. म्हणून तर लग्न झाल्यापासून माझे सगळे खण तुझ्याकडे येतात आणि मी तपकिरी नाहीतर काळं कापड आणते. पण त्या दिवशी घरी येऊन रडले, आणि रडून झाल्यावर मला राग आला.

समोरच्या अंबुबाईंकडे शिवणाचं मशीन आहे. त्यांच्याकडे शिकायला बसले. पहिल्या ब्लाउजच्या दोन्ही बाह्या एकाच हाताच्या निघाल्या. अंबुबाई हसून हसून पायरीवर बसल्या, मग मीही हसले. दुसऱ्या वेळी माप खोलीचं दार लावून मीच घेतलं. टेप मी धरला, मीच वाचला, कोणी ओरडून सांगितलं नाही, आणि मान काही खाली गेली नाही. मग सुचलं, एक खण पुरत नाही तर दोन घ्यावेत. पाठपोट मोरपंखी केलं, बाह्या आणि काखेखालच्या पट्ट्या हळदी रंगाच्या. मला तो इतका छान बसला आहे की घरातही काढावासा वाटत नाही.

तेव्हा यंदाचे खण माझ्याकडेच राहतील. दादाच्या वरलक्ष्मीचं लग्न माघात करायचं ठरतंय. सहा वर्षांनी तू माहेरी येशील म्हणून दादा-वहिनी वाट बघून आहेत. भावोजींना नमस्कार. रागावलीस तरी माया पातळ करू नकोस, ही विनंती.

तुझी,
गोदा


पुणे
२५ ऑगस्ट १९७६

चि. सौ. गोदास,
अक्काचे अनेक आशीर्वाद. वि. वि.

पत्र पोचलं. दोन खण जोडलेस म्हणे. आपल्या घरातल्या बायकांनी ठिगळं लावून मिरवल्याचं मी तरी ऐकलेलं नाही. आपले पूर्वज महाराजांच्या घोडदळात होते, एवढं मात्र आई आल्यागेल्याला सांगायची. हळदी रंगाच्या बाह्या घालून तू अग्रहारातून चालत गेलीस, तेव्हा तुझे यजमान नागोजीराव काहीच बोलले नाहीत का? आई तुला गडद रंग घालायची ते उगाच नाही. उठून दिसू नये, यातच तुझं भलं होतं.

खणांचं म्हणशील, तर मला त्यांची हाव नाही. पण वीस वर्षांची रीत एका शिंप्याच्या बोलण्यावरून मोडायची म्हणजे जरा अतीच झालं. इथे शेजारणी विचारतात, म्हैसूरचे खण आले का? काय सांगू त्यांना? माझी धाकटी बहीण आता दोन-दोन खण एकटीच घालते म्हणून सांगू?

लग्नाचं आत्ता सांगता येत नाही. यांची रजा, मुलांच्या परीक्षा, सगळंच अडचणीचं आहे. वरलक्ष्मीचा लग्नातला ब्लाउज मात्र ठरल्याप्रमाणे मी इथल्या माझ्या शिंप्याकडून शिवून पाठवीन. पोर लहानपणापासून सांगते, मला तुळसाआत्यासारखं दिसायचंय म्हणून. ते तरी कोणी मोडू नका.

मशीनवर फार बसू नकोस, पाठ धरेल. आहे तो लोभ जपावा.

तुझी,
अक्का


म्हैसूर
९ ऑक्टोबर १९७६

ती. सौ. तुळसाक्कास,
गोदाचा सा. न. वि. वि.

दसरा छान पार पडला. घरोघरी बाहुल्या मांडल्या होत्या, रोज कुठे ना कुठे हळदीकुंकू. मी रोज जोडाचाच ब्लाउज घालून गेले. आता तीन झाले आहेत. एका घरी तर तिथल्या बाईंनी मला उभं केलं आणि शिवण बघायची म्हणून मागे वळायला सांगितलं. आयुष्यात पहिल्यांदा मी चार बायकांसमोर पाठमोरी उभी राहिले आणि पदर ओढून घेतला नाही. अक्का, मला फार आवडलं.

लहानपणी पाहुणे आले की तुला पुढे बोलावत आणि मला पाणी आणायला सांगत. स्वयंपाकघराच्या दारातून मी तुझ्या पाठीवरच्या वेणीकडे बघत असे, आणि इतका हेवा वाटे की तांब्यातलं पाणी सांडायचं. आई म्हणायची, गोदीच्या हाताला वळण नाही.

आता एक गोष्ट कशी लिहू कळत नाही, म्हणून सरळ लिहिते. वरलक्ष्मीला तिचा लग्नातला ब्लाउज माझ्याकडून शिवून हवा आहे. मी सुचवलेलं नाही, शपथेवर सांगते. तीच परवा आली, माझी बाही हातात धरून बघत बसली आणि म्हणाली, आत्या, मला असाच.

तुझ्यासाठीही एक शिवायचं माझ्या मनात आहे. यंदाच्या खणांतले डाळिंबी आणि पोपटी, दोन्ही सगळ्यांत चांगले, तुझ्यासाठी काढून ठेवले आहेत. तुझा एक अंगाला नीट बसणारा ब्लाउज मापासाठी टपालाने पाठव. लग्नात तो घालून तू माझ्या शेजारी उभी राहा. येतेस ना? मुलांना पापे, आणि तुझा जीव आमच्यात राहू दे.

तुझी,
गोदा


पुणे
२१ ऑक्टोबर १९७६

चि. सौ. गोदास,
अक्काचे अनेक आशीर्वाद. वि. वि.

तुझं पत्र आलं त्या रात्री मला झोप लागली नाही. मशीनला हात लावून तुला किती दिवस झाले, आणि लगेच नवरीचा ब्लाउज? तू सुचवलं नसशील, पण तिच्यासमोरून त्या बाह्या मिरवत फिरलीस, त्याला काय म्हणायचं? मला वाईट वाटलं. वरलक्ष्मीचं ते काम माझं होतं. तुला सगळं आहे, माहेर तिथेच, दादा तिथेच, आता कौतुकही तिथेच. माझ्याकडे इथे काय उरलं, जरा विचार कर.

अंबुबाई, शेजारणी, हळदीकुंकवाच्या बायका, सगळ्या तुझ्याकडे वळून बघतात हे वाचून आनंद झाला असं लिहायला हवं. मला तो झाला नाही.

सोबत मापाचा ब्लाउज पाठवते आहे. माझं माप लग्नात होतं तेच आहे, देवाच्या दयेने त्यात काही फरक नाही. एवढं बारीक शिवायची तुला सवय नसेल, तेव्हा टेप बघून लाव. येण्याचं नंतर बघू. कळावे, आणि रुसवा धरू नये.

तुझी,
अक्का


म्हैसूर
२ डिसेंबर १९७६

ती. सौ. तुळसाक्कास,
गोदाचा सा. न. वि. वि.

पार्सल सोबत आहे. डाळिंबी पाठ, पोपटी बाह्या. तू पाठवलेल्या मापावरूनच शिवला आहे. मापाचा ब्लाउज माझ्याकडेच ठेवून घेतला आहे. कसा झाला ते लवकर कळव. दादा तुमच्या तिकिटांचं विचारतो आहे. घाईत लिहिलं म्हणून प्रेम कमी समजू नकोस.

तुझी,
गोदा


पुणे
१४ डिसेंबर १९७६

चि. सौ. गोदास,
आशीर्वाद.

ब्लाउज पोचला. त्यामागची तुझी इच्छाही पोचली. बाही दंडात रुतते. पुढे हुक आणि काज यांच्यात वीतभर अंतर राहतं. असा ब्लाउज चुकून होत नाही, गोदा. मुद्दाम केला तरच होतो. लहानपणी पाणी सांडलंस, त्याचा राग तू इतकी वर्षं धरून ठेवलास आणि हातात कात्री येताच काढलास. ब्लाउज अंगात अडकला तेव्हा मी खोलीत एकटी होते, आणि निघेना म्हणून धाकट्या लेकीला हाक मारावी लागली. ती हसली. तुझ्या मनासारखं झालं.

मी लग्नाला येत नाही. यांना सांगितलं आहे, तिकिटं काढू नका. दादाला मी वेगळं कार्ड टाकीन, तू काही कळवू नकोस. वरलक्ष्मीला माझे आशीर्वाद सांग, तुझ्या सवडीने.

अक्का


म्हैसूर
२२ डिसेंबर १९७६

ती. सौ. तुळसाक्कास,
गोदाचा सा. न. वि. वि.

हे पत्र फाडायचं असेल तर शेवटपर्यंत वाचून फाड.

मापाचा ब्लाउज मी बघताक्षणी ओळखला. जांभळा, बारीक पांढऱ्या ठिपक्यांचा. माझ्या गंगाधरच्या बारशाला तो खण माझ्या ओटीत आला होता. तुला पाठवण्याआधी मी तो किती वेळ मांडीवर घेऊन बसले होते, ते मलाच ठाऊक. गंगाधर आता कॉलेजात जातो. ब्लाउजला डांबराच्या गोळ्यांचा वास होता आणि हुकांचा गंज घडीवर उतरला होता. असा ब्लाउज कोणी अंगात घालत नाही, अक्का, ट्रंकेत तळाशी ठेवतात. मग मी तुम्ही गेल्या वर्षी पाठवलेला दिवाळीचा फोटो बाहेर काढून बघितला. सगळी पुढे, आणि तू खुर्चीच्या मागे, शाल गळ्यापर्यंत. सहा वर्षं तू माहेरी का आली नाहीस ते मला त्या दिवशी कळलं.

खोटं कशाला लिहू, मला आनंद झाला. दोन दिवस मी घरात गुणगुणत होते, ह्यांनी विचारलंसुद्धा काय झालं म्हणून. तुला पत्र टाकून खरं माप मागवता आलं असतं, मी मागवलं नाही. तुला तो अडकावा असंच माझ्या मनात होतं. तू बरोबर ओळखलंस.

पण कापायला बसले तेव्हा खडूच्या खुणेवर कात्री चालेना. मला त्या शिंप्याचं दुकान आठवलं. तिथे माझ्या जागी तू उभी आहेस आणि तो तुझा आकडा मोठ्याने सांगतो आहे, हे मला बघवलं नाही. मी खुणेच्या बाहेरून कापलं. दोन्ही बाजूंना आणि बाह्यांखाली तीन-तीन बोटं जास्तीचं कापड आत दुमडलेलं आहे, आणि हुकपट्टीखालीही. वरची शिवण लांब टाक्यांची आहे, एक टोक ओढलंस की उसवेल. हे मागच्या पत्रात लिहायला हवं होतं. लिहिलं नाही, कारण तू आधी विचारावंस अशी माझी हौस होती.

आता शिंप्याकडे नेऊ नकोस. दार लाव, उलटा करून अंगात घाल, जिथे बसेल तिथे टाचण्या लाव आणि हाताने आखूड टाक्यांनी शीव. तुला जमेल. पहिल्यांदा वाकडं जातं, जाऊ दे.

आणि ये. मी छान दिसते हे चारजणी सांगतात, पण मला ते तुझ्या शेजारी उभं राहून ऐकायचं आहे. तू आलीच नाहीस तर कोणाच्या शेजारी उभी राहू? वाट बघते. चुकलं असेल तर बोल, पण बोलणं तोडू नकोस.

तुझी,
गोदी


पुणे
६ जानेवारी १९७७

चि. सौ. गोदीस,
अक्काचे अनेक आशीर्वाद. वि. वि.

तुझं पत्र आठवडाभर डब्यामागे ठेवलं होतं. फाडलं नाही.

तुला कळलंच आहे तर सगळं लिहिते. तुझे खण गेली पाच-सहा वर्षं मी शिवलेलेच नाहीत. मलाही एक पुरत नाही. मागणं बंद केलं असतं तर तुला संशय आला असता, म्हणून दरवर्षी मागत राहिले आणि ट्रंकेत टाकत राहिले. सहा वर्षांपूर्वी शिंप्याने मलाही तेच सांगितलं, तुझ्या शिंप्यापेक्षा हळू आवाजात, एवढाच फरक. तेव्हापासून मी हळदीकुंकवाला जाणं टाळते. शेजारणी खणांचं विचारतात हेही मी बनवूनच लिहिलं होतं. आणि तू, जिला आई अंधाऱ्या रंगात गुंडाळून ठेवायची, ती बाह्या मिरवत गावभर हिंडते. माझा किती जळफळाट झाला असेल बघ. इतका की तुझी पत्रं मी यांनाही वाचून दाखवली नाहीत.

परवा दुपारी दार लावलं. शिवण उसवली, आतलं कापड निघालं, ते बोटांनी मोजलं. टाचण्या लावताना दोनदा बोट टोचलं. उजवी बाजू वाकडी गेली आहे, पदराखाली झाकेल. मग घालून आरशासमोर उभी राहिले. खूप दिवसांनी नीट उभी राहिले, आणि पाठमोरी वळूनही बघितलं. हे दारात येऊन म्हणाले, नवीन का? म्हटलं, गोदीने शिवलाय. आणि मग म्हटलं, थोडा मीही.

तिकिटं काढली आहेत. लग्नाच्या चार दिवस आधी पोचतो. खणांची ट्रंक घेऊन येते आहे, सगळे तुझेच आहेत, दोघींत वाटून घेऊ. वरलक्ष्मीचा ब्लाउज तूच शीव, हुक मात्र मी लावीन. आणखी एक सांगते. तू तीन बोटं कापड सोडलंस, मला दोनच लागली. तू समजलीस तेवढी मी झालेली नाही. राहिलेलं एक बोट सगळ्यांसमोर मोजून दाखवीन.

जांभळा ब्लाउज परत आणून देऊ नकोस. तो मला आता कधीच व्हायचा नाही. उसव तो, पाठीच्या कापडातून तुझ्या बाह्या निघतील, आणि लग्नात त्याच बाह्यांचा ब्लाउज घाल. तुला तो शोभेल आणि मला हेवा वाटेल. तो हेवा मी तिथे येऊन, तुझ्या शेजारी उभी राहून करीन.

तोवर लोभ असाच धगधगता ठेव.

तुझी,
अक्का