टबातला पाहुणा

५ जुलै
तिसरीच्या वर्गात आज नुसता चिखल. तरंगतं की बुडतं – पारदर्शक टब, अर्ध्याच्या वर पाणी, बाहेरून मार्करने लाल रेघ. रिकामा डबा तरंगला. त्यातच गोट्या भरल्या, तो तळाला गेला आणि पाणी रेघेच्या वर आलं. "पाणी वाढलं!" सगळा वर्ग. वाढलं नाही रे बाबांनो, सरकलं. वस्तू आत गेली की तिला जागा लागते, तेवढं पाणी वर सरकतं.
पहिल्या बाकावरच्या चष्मिसला लगेच कळलं. "म्हणजे पाणी वर आलं की आत कुणीतरी असणारच?"
असणारच, म्हटलं.
घरी येऊन तासभर आडवी. अजून कुणाला सांगितलेलं नाही, फक्त नवऱ्याला ठाऊक. दोनदा हातातोंडाशी आलेलं गेलं. या वेळी इथंही लिहायचं नाही, असं ठरवलं होतं. लिहिलंच.

१९ जुलै
टब खिडकीपाशीच असतो, मधल्या सुट्टीत मुलं खेळतात. आज सकाळी पाणी रेघेच्या किंचित वर. आत काहीच नाही! शाळेच्या मावशींना विचारलं, पाणी घातलंत का? "मला काय दुसरी कामं नाहीत?" त्यांचंही बरोबर. झाकण ठेवून आले.

२ ऑगस्ट
झाकण जागच्या जागी. पाणी आणखी वर. छत गळत नाही, नळ लांब आहे. खरं तर एवढ्या दिवसांत पाणी आटून कमी व्हायला हवं.
मुलांना त्याचं काही नाही. त्यांनी नावही ठेवलंय – पाहुणा. "बाई, पाहुणा वाढला," असं हजेरी घेताना सांगतात, कुणाचा दात पडला हे सांगावं तसं.

१६ ऑगस्ट
काल आम्ही दोघं दवाखान्यात गेलो होतो. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, बाळ आता लिंबाएवढं झालंय, जपा.
आज चष्मिसने माझी परवानगी न घेता भलताच उद्योग केला. तसाच दुसरा टब घेतला, रेघेपर्यंत पाणी भरलं, पाहुण्याच्या टबाएवढं पाणी वर येईपर्यंत एकेक गोटी टाकली. मग त्या सगळ्या गोट्या काढून ओंजळीत धरल्या आणि माझ्यासमोर उभी राहिली.
"बाई, एवढा आहे बघा. लिंबाएवढा."
मी तिच्यावर उगाच खेकसले.

३० ऑगस्ट
मुलांनी रंगीत मातीच्या होड्या केल्या. टबाच्या मधोमध सोडली की होडी थांबत नाही, हळूच कडेला जाते. "त्याला धक्का नको म्हणून," चष्मिस.
सगळी पोरं बाहेर गेल्यावर हात घातला. कडेचं पाणी गार, मधलं कोमट.

४ सप्टेंबर
सरळ लिहिते, भीती वाटते. टबाची नाही. एके दिवशी ते पाणी परत रेघेवर आलं तर, याची. शाळेत पोचले की आधी टब, मग बाकीचं. नवरा म्हणतो, रजा घे, घरी पड. रजा घेतली तर टबाकडे कोण बघेल? हे त्याला सांगितलं असतं तर त्याने मला वेगळ्याच डॉक्टरकडे नेलं असतं.

१८ सप्टेंबर
ओतलं. रोज त्या रेघेच्या धाकात जगणं नको झालं.
वर्गाला मीच सांगते ना – प्रयोग बिघडला की कुरकुरत बसू नका, पाणी ओता, पहिल्यापासून करा. मग स्वतःसाठी वेगळा नियम का? शाळा सुटल्यावर मगाने जमेल तेवढं उपसलं. उरलेल्यासकट टब मावशींनी उचलला. "एवढ्याशा पाण्याला जड किती लागतंय," म्हणाल्या. मोरीत तिरका केला. मग म्हणाल्या, "अगं बाई, हलका झाला एकदम."
मागे वळले तर दारात चष्मिस, दप्तर पाठीला. "बाई, तो आता कुठे जाईल?"
घरी जा म्हटलं.
संध्याकाळी पोटात पहिल्यांदा हललं. अगदी नक्की. मी हमसून हमसून रडले.

१९ सप्टेंबर
नवं पाणी. दिवसभर रेघेवर.

७ ऑक्टोबर
सोनोग्राफी. ठोके ऐकले – केवढी घाई त्यांना! सगळं व्यवस्थित आहे. नवरा खुळ्यासारखा हसत होता. मीच इतके दिवस जीव टांगणीला लावून घेतला होता, तोही एका टबापायी. टबातलं पाणी आता हळूहळू आटतंय, आटायलाच हवं.
चष्मिस माझ्याशी बोलत नाही. बोलेल.

११ फेब्रुवारी
मुलगी! नाक माझ्यावर, रडणं बापावर. जो घेतो तो म्हणतो, हातात आहे असं वाटतच नाही. या लोकांच्या कौतुकाने दृष्टच लागेल माझ्या पोरीला.

२३ फेब्रुवारी
आज तिला घरच्या टबात पहिली अंघोळ. आधी नुसते हात कोपरापर्यंत घालून पाणी कोमट आहे ना, ते पाहिलं. पाणी वर आलं, टबावरच्या निळ्या फुलांना टेकलं. मग तिला त्याच हातांवर घेतलं आणि गळ्यापर्यंत आत सोडलं. डोळे मिटून शांत होती.
पाणी फुलांपाशीच राहिलं, तसूभरही वर सरकलं नाही. माझ्या हातांपुरतं.