हं

११ नोव्हेंबर, सोमवार

रामनगरहून दोन बस बदलून गुंदला पोहोचले. दोन वर्षं मोबाइलवर समुपदेशन शिकले. आता सात दिवस समोरासमोर सराव, मग पदवी. चौपन्नाव्या वर्षी! ह्यांना जाऊन सहा वर्षं झाली. असते तर म्हणाले असते, आता माझं कुणी ऐकायचं? खोलीत बेळगावची अंकिता आहे, तेवीस वर्षांची. मला काकू म्हणते आणि न विचारता माझे लाडू खाते.

१२ नोव्हेंबर

रक्षा मॅडमनी ऐकायला शिकवलं. सल्ला द्यायचा नाही, मधे बोलायचं नाही; समोरचा थांबला की नुसतं "हं" म्हणायचं. अंकिता म्हणाली, काकू, तुम्ही तर म्हशीलाही हं म्हणाल.

१३ नोव्हेंबर

गावातली फुला आज माझ्यासमोर होती. भातकापणीपासून ती घरात एक शब्द बोललेली नाही, म्हणून नवऱ्यानं आणून बसवलं. माझ्याशी मात्र बोलली. मेलेली सासू परसातून बोलते, तिला प्रत्येक वेळी "हं" म्हणावं लागतं. चुकलं की आवाज एक पाऊल जवळ येतो. मला वाटलं, दुःखच हे. तासभर मनापासून हं म्हणत राहिले. उठताना फुला रडता रडता हसली. मॅडमनी शाबासकी दिली.

१४ नोव्हेंबर

सकाळी दात घासताना काजूच्या झाडांमागून ह्यांचा आवाज. शर्टाचं बटण तुटलंय म्हणाले. माझ्या तोंडून "हं" निघून गेलं.

धावत फुलाकडं गेले. तिनं आधी पदर तोंडात कोंबून माझं ऐकलं, मग म्हणाली, "बाई, आपल्या बोलण्याला जो हं म्हणतो, ते त्याच्याकडं जातंय. घरात तोंड उघडलं न्हाई मी, लेकरं हं म्हणतील म्हणून. माफ करा."

१५ नोव्हेंबर

कुणाशी बोलले नाही. त्याला मात्र दिवसभर हं — जेवताना, अंघोळ करताना. हे मला कधी नावानं हाक मारत नव्हते. हा मारतो. अनुसया. अनुसया —

१६ नोव्हेंबर

घसा बसला. हं वेळेवर निघत नाही. काल झाडांपाशी होता, आता पडवीत — अंकिता समोर बसलीय. काकू, बोला की, काय झालं? बोलायचं नाही. लिहीतच राहायचं —

उंबऱ्यावर. पाठीशी. मानेला गार —

आई गं, निघालं तोंडातून.

अंकिता म्हणाली, हं.

आवाज थांबला. किती शांत.

अंकितानं मान वळवली. म्हणाली, काकू, बाहेर माझे आजोबा बोलतायत. पण ते तर —

तिचा हात धरला. म्हटलं, हं.

अनुसया. कानाशीच. आता घसा अजिबात —