बाहुली कुठे दिसते

४ फेब्रुवारी, जळगाव
द्वारदर्शनाला, सांत्वनाला माणसं येतात, टेकतात, उठतात. मी हात जोडतो. नूतन गेली, माझी बायको गेली — मनात म्हणून पाहिलं. आत काही हललं नाही.

५ फेब्रुवारी
सासूबाई — अक्का — शिंदखेड्याहून आल्यापासून माझ्याशी बोलत नाहीत. नूतनचे डोळे दिले म्हणून. तिची इच्छा होती, पण अक्कांना कुणी सांगितलंच नव्हतं. पंखा बंद करा, पापण्यांवर ओला कापूस ठेवा — नेत्रदानाच्या सभांत गावोगाव ओरडून सांगत आलो, तसंच केलं.

आज बायकांच्या बैठकीतून अक्कांनी विचारलं, “मनी पोरना डोया कोठे शेतस?”

साक्रीच्या सभेत कुणी असंच विचारलं होतं. तेव्हा तासभर बोललो — टाळ्या! आज म्हणालो, चहा घ्या.

६ फेब्रुवारी
जेवलो. झोपलो.

८ फेब्रुवारी
दिपमाला म्हणाली, “पप्पा, सगळ्या जिल्ह्याशी बोलता. आजीशी बोला ना.”

लेकीनं सांगितलं म्हणून अक्कांजवळ जाऊन बसलो. त्यांचा समज — डोळ्यातली बाहुलीच काढून नेली, पोर पुढच्या जन्मी आंधळी. एरवी असल्या बोलण्यावर पेटून उठतो. आज राग आला नाही. नुसतं सांगत गेलो. बाहुली म्हणजे भोक, उजेड आत जायला. संस्कृतात तिला कनीनिका म्हणतात, म्हणजे लहान मुलगी. रोमन लोकांचाही शब्द तोच — इवली पोर. त्यावरूनच इंग्रजीतला प्युपिल. कुठे रोम, कुठे शिंदखेडा! समोरच्याच्या डोळ्यात सगळ्यांना एक छोटं माणूस दिसलं. ते आपणच असतो. पण ते भोकात नसतं, अक्का. वरच्या पारदर्शक पडद्यावर दिसतं, आरशात दिसावं तसं. त्यालाच कॉर्निया म्हणतात. दुसऱ्याला बसवतात तो तेवढाच.

अक्कांनी वाकून माझ्या डोळ्यात पाहिलं. मग म्हणाल्या, “म्हणजे तो परदा ज्याले बसाडतीन, त्याना डोयामा मी दिससू.”

इतकी भाषणं केली. हे मला कधी सुचलं नव्हतं. हो म्हणालो. खरंच होतं ते.

११ फेब्रुवारी
अक्का दोन घास जेवतात आता. आल्या-गेल्या बायकांना स्वतःच समजावतात. शेजारच्या कुंदाबाईंनी टोमणा मारला, जावयानं चांगलं पढवलंय! अक्का म्हणाल्या, तुझ्या जावयाला पढवता येतं का?

माझ्याकडे मात्र रोज एकच — पडदा बसवला का? कुणाला ते सांगत नाहीत, मी म्हटलं. त्यांना नाव नकोच आहे. बसला एवढं कळलं की पुरे. त्याशिवाय शिंदखेड्याला जायला तयार नाहीत.

१४ फेब्रुवारी
गंधमुक्ती — आज सुतक फिटलं. मांडव भरलेला. मी बोलणार म्हणून लांबून लांबून माणसं आलेली. माइक हातात घेतला. ‘आपण आलात’ म्हणालो आणि बसलो.

मग अक्का उठल्या. माइक नाही, काही नाही. अहिराणीत चार वाक्यं — माझेही डोळे द्या, म्हणाल्या. मागून बायकांचे हात वर झाले. मी पाहत होतो. काहीच वाटलं नाही.

१५ फेब्रुवारी
सकाळी नेत्रपेढीचा फोन. तपासणीत दोष निघाला. पडदे कुणालाच बसवता येणार नाहीत.

अक्का दारातच उभ्या होत्या. कुणाचा फोन, विचारलं.

“बसवले, अक्का,” म्हणालो. “दोघांना. दोघांनाही दिसतंय.”

त्या पिशवी भरायला आत गेल्या. मी भिंतीला धरून खाली बसलो — आणि रडू आलं ते थांबेचना.