सरावातलं गाऱ्हाणं

२० एप्रिल, रविवार

डेन्झिलचा फोन. तिसऱ्यांदा! "मॅडम, दत्तारामकाकांना परत पाठवा ना. लोक जेवणाचं नाव काढत नाहीत. विचारतात, तो गाऱ्हाणं घालणारा म्हातारा कुठे गेला?"

विचारते म्हटलं. विचारणार नाही हे बोलतानाच ठाऊक होतं.

डेन्झिल मूळचा वेंगुर्ल्याकडचा, सरळ मुलगा. मुंबईत एका बंद गिरणीच्या आवारात त्याने 'वेस' काढलं. मुंबई बघायला आलेल्या पाहुण्यांसाठी रेस्टॉरंट— पण नुसतं जेवण नाही, दोन तासांपुरतं गाव. दारात चपला आणि फोन ठेवायचे. तांब्यातल्या पाण्याने पाय धुवायचे. सारवलेल्या जमिनीवर पाट मांडलेले, समोर केळीची पानं. मग एक म्हातारा उठतो आणि प्रत्येकाच्या जवळ जाऊन हळूच विचारतो, "काय व्हया?" कुणी कानात सांगतं. आणि तो ते दुःख मोठ्या आवाजात देवापुढे मांडतो. बाकी सगळे— दिल्लीचे, सिंगापूरचे, कुठकुठचे— "होय महाराजा!" म्हणून साथ देतात. त्यानंतर वडे, तिसऱ्यांचं सुकं, सोलकढी.

हे सगळं कागदावर मी लिहिलं. कुणी कुठून आत यायचं, दिवा कधी लावायचा, तांब्या कुणाच्या हातात. आणि म्हाताराही मीच दिला. आमच्या देवळात चाळीस वर्षं गाऱ्हाणं घालणारे दत्तारामकाका. दिवाळीआधी गेले ते शिमग्याला आले. परत गेले नाहीत.

त्यांच्या जागी आता नाटकातला कोणी पोरगा आहे. "असा ओरडतो मॅडम, जसा काय पोलीसभरतीला आलाय!"

हसले. फोन ठेवल्यावर हसू टिकलं नाही.

२२ एप्रिल, मंगळवार

काकांकडे जाऊन आले. सुगंधाकाकीने दारातच मिठी मारली. मी जरा आखडते हल्ली, तिच्या लक्षात आलं नसावं.

बांगडे तळत होती. वास पार रस्त्यापर्यंत! मला जेवायलाच बसवलं. काकांच्या पानात डाळ, भात आणि भेंडीची भाजी.

"काका, आज मंगळवार ना? की काही उपास?"

"तसाच," म्हणाले, आणि डाळ ओरपली.

काकीने कढईत बांगडा असा आपटला की तेल उडालं.

हात धुवायला मागच्या पडवीत गेले, तर मागोमाग आली. "उपास खयचो गो? सहा म्हयने झाले, मासो तोंडाक लावणत नाय. हो माणूस! जो सुक्या बांगड्याशिवाय पेज गिळी नाय!"

"डॉक्टरांनी सांगितलं?"

"कसलो डॉक्टर! तुझ्या त्या हाटेलात पयल्या दिसाक कोणा बायचा गाऱ्हाणा घातलान. तिका काय तरी दुखणा आसा म्हणे. तिचा बरा होयपर्यंत मासो खाऊचंय नाय, असा देवाक बोलान बसलो हा. कोण बाय ती, इचारला तर सांगणत नाय."

पाणी माझ्या कोपरापर्यंत ओघळलं, तरी मी हात धूतच होते.

पहिल्या दिवशी तिथे एकही पाहुणा नव्हता. फक्त सराव होता.

२२ एप्रिल, संध्याकाळ

ती बाय मी.

२३ एप्रिल

लिहूनच काढते.

ऑक्टोबर. 'वेस'मध्ये सुतारकाम चालू. भुसा, रंगाचा वास. काका कोपऱ्यात पिशवी मांडीवर घेऊन बसलेले. डेन्झिल म्हणाला, एकदा सगळं पहिल्यापासून करून बघू, मॅडम, तुम्ही पाहुणी व्हा. मी पाटावर बसले. काका वाकले. "काय व्हया गो बाय?"

मला हसू येत होतं. म्हटलं, "धरा काका, माझ्या छातीत गाठ आहे. ती जाऊ दे म्हणा."

तोंडात आलं ते बोलले. नाटकाच्या तालमीत माणूस काहीही बोलतं.

काका थोडा वेळ माझ्याकडे बघत राहिले. मग सरळ झाले, डोळे मिटले—

"बा देवा महाराजा! हय जा तुजा लेकरू पाटार बसला हा, तेच्या जिवाक जा काय लागला आसा, ता वाऱ्यार घाल, पाण्यात सोड, पण तेच्या वाटेक येवक देव नको रे महाराजा!"

"होय महाराजा!" सुतारसुद्धा ओरडले. हातोडी थांबवून! डेन्झिलच्या अंगावर काटा आला. दंड पुढे करून दाखवत होता सगळ्यांना. मी टाळ्या वाजवल्या. मी!

आणि तेवढ्यात काकांनी मनातल्या मनात मासे सोडले होते.

खोटं बोलले मी. सत्तरी ओलांडलेल्या माणसाच्या पानातला मासा माझ्या खोट्याने काढून घेतला. जी गाठ नाही ती जाणार कशी? आणि ती जात नाही तोवर हे जेवणार डाळभात!

२५ एप्रिल

तळेऱ्याला टपालाचं काम होतं. मासळीवाल्या माशांचे कल्ले उघडून दाखवत होत्या. लालभडक, ताजे. नजर वळवून पुढे निघाले. सहा महिने ते डाळ खातायत आणि मी दर रविवारी पापलेट.

२७ एप्रिल

डेन्झिलने व्हिडिओ पाठवला, जानेवारीतला. काकांना मोह पडावा म्हणून. पडला मला.

मध्यमवयाचं जोडपं, जयपूरचं बहुतेक. नवरा सारखा हसतोय. बायको काकांच्या कानात काहीतरी बराच वेळ सांगतेय. काका मान हलवत ऐकतात. घाई नाही. मागे वाढपी वडे घेऊन ताटकळलाय. मग काका उठतात, आणि तिच्या नवऱ्याचं हसू हळूहळू विरतं. शेवटी "होय महाराजा" सगळ्यांत मोठ्याने तोच म्हणतो. भाषेचा एक शब्द कळत नसताना!

मी लिहिलेल्या कागदावर होतं : 'इथे म्हातारा गाऱ्हाणं घालतो. दीड मिनिट.' बस. या दीड मिनिटासाठी पाहुणे येतात आणि डेन्झिलला वाटतं, ते मी लिहिलं.

मीही तसंच समजत होते. काकांना तर जाताना सांगितलं होतं, "घाबरू नका, खरं नाही काही, नुसतं करून दाखवायचं." ते म्हणाले होते, "गाऱ्हाणा करून कसा दाखवतत गो?" मला वाटलं, नवखे आहेत, शिकतील.

दुपारी आशाताई येऊन गेली. आरोग्य केंद्रात बायकांची तपासणी आहे, पुढच्या आठवड्यात. चिठ्ठी फ्रिजवर लावली. मागच्या वेळचीही तिथेच होती. तिच्यावरच लावली.

३० एप्रिल, बुधवार

सुगंधाकाकी आली. कैऱ्या घेऊन, पण कैऱ्यांसाठी नव्हे.

नऊ तारखेला संचिताचं लग्न— काकांची एकुलती नात. अकराला देवगडहून व्याही यायचेत माशांचं जेवण जेवायला. पन्नास माणसं. "आणि आमचो म्हातारो तेंच्या पंक्तीत डाळ ओरपीत बसतलो! व्याही काय म्हणतले? आजोबाक लगीन पसंत नाय, असाच म्हणतले ना? संचिता कालपासून रडता हा. म्हणता, आजो माझ्या लग्नाचो मासो खाणार नाय तर मीय खाऊचंय नाय."

मी कैऱ्या धूत राहिले.

"तू लिवणारी बाय. मुंबैत तुझी वळख आसा. त्या बायक हुडकून काढ. एक फोन कर. बरा झाला म्हणान सांग, इतक्याच तिका बोलाक सांग. मेल्या बायचा काय जातला?"

"आणि बरं झालं नसलं तर?"

"तर खोटा बोलांदे! आपल्यापायी कोणाचो तरी जीव तळमळता हा, ता तिका कळाक नको?"

जाताना पुन्हा जवळ घ्यायला आली. मी कैऱ्यांची टोपली मध्ये धरली.

२ मे

फोन करायचा तर कुणाला? मलाच?

४ मे, रविवार

गेले. ठरवून गेले. सगळं खरं सांगायचं : काका, मी थट्टा केली, गाठबीठ काही नव्हती, पाया पडते, मासे खा.

काका मांडवासाठी बांबू सोलत होते. मी शेजारी बसले. बराच वेळ सालं गोळा केली.

"काका, ती सरावातली बाय. मी आहे ना ती?"

"मगे काय मी? पाटार तू बसललंस."

"इतक्या लोकांची गाऱ्हाणी घातलीत तिथे. सगळ्यांसाठी सोडलं काहीतरी?"

"छे गो! ते पावणे. तेंचे देव तेंच्या गावाक, ते बघतले. मी आपलो निरोप्यो. तू आमच्या हद्दीतला चेडू. तुझ्यासाठी मोकळ्या हातान कसा मागतलंय?"

हे ऐकलं आणि 'थट्टा' हा शब्द तोंडातून निघेना. त्याऐवजी जे निघालं ते काकीने शिकवलेलं— "काका, आता बरं आहे मला."

कोयता थांबला. चेहरा असा उजळला, की मला तिथून पळून जावंसं वाटलं.

"गेली?"

"हं."

"अरे वा! सुगंधे, आयकलंस?" मग एकदम आवाज खाली, "नको, आधी देवाक. मंगळवारी सकाळी देवळात ये. जा मागितला ता गावला म्हणान तुज्या तोंडान थंय सांगूक व्हया. मगे नारळ फोडतंय आणि घराक येवन सुरमय खातंय. वास घेवन घेवन नाक हातभर लांब झाला हा माझा!"

हसले ते. मीही. एका खोट्यावर दुसरं खोटं, आणि आता तिसरं देवळात!

काकीने पडवीतून माझ्याकडे बघून हळूच मान हलवली. तिला वाटलं, मी त्या बाईला फोन केला.

५ मे

सुरमई आणली. दोन किलोची. बर्फात ठेवलीय. कापायला धीर होत नाही.

६ मे, मंगळवार

सकाळचं देऊळ. नुकतंच झाडलेलं, फरशी ओली. काका धुतलेलं धोतर नेसून आले होते. हातात नारळ, पिशवीत तांदूळ.

"ये. हय उभी रव. काय ता सांग, मी पुढे बोलतंय."

मी उभी राहिले. एवढंच म्हणायचं होतं : गाठ गेली. दोन शब्द. पुस्तकांत पानंच्या पानं खोटं लिहिलंय मी. न झालेली लग्नं, न मेलेली माणसं. दोन शब्दांचं काय!

नाही आले.

काका थांबले. घंटेवर एक माशी बसली, उडाली. मग मी म्हटलं, "उद्या येते काका."

ओरडतील असं वाटलं. त्यांनी नारळ पिशवीत घातला. "उद्या तर उद्या. नारळ काय कुसणत नाय."

पायऱ्या उतरताना मीच म्हटलं, रडत, "काका, मी तुम्हाला फसवलं. तो सराव होता. मी खोटं बोलत होते."

"कधी? तेव्हा की परवा?"

मी डोळे पुसले.

"परवा बोललंस ता खोटा, ता माका परवाच कळला," काका म्हणाले. "सुगंधेन शिकवलेला. म्हटला, देवळात येवंदे, थंय तोंड उघडता काय बघूया. पण तेव्हाचा खोटा नाय."

"मी तर हसत होते!"

"तोंड हसा होता. हात खंय होतो तुजो?"

मला आठवेना.

काकांनी आपला हात स्वतःच्या काखेखाली, डाव्या बाजूला ठेवून दाखवला. नेमका तिथे. "सरावात हात आपसूक थंय जाणत नाय गो बाय."

सुरमई काकीकडे देऊन आले. लग्नघरात खपेल.

७ मे, बुधवार

दसऱ्याच्या दिवशी अंघोळ करताना लागली होती. सरावाच्या आठ दिवस आधी. हरभऱ्याएवढी होती तेव्हा. आता मोठी झालीय. ह्या वहीतसुद्धा लिहिली नाही. एकदाच बोलले, 'धरा' म्हणून, पाटावर बसून.

उद्या साडेनऊला कणकवलीच्या डॉक्टरबाई. काका सोबत येतायत. घरात लग्न परवावर, तरी. डबा काकी देणार आहे.

डाळभाताचा. दोघांनाही.